ओबिदुशच्या चर्चमध्ये लग्न? आधी हे ऐक

अगं, तू पाठवलेले सगळे फोटो पाहिले. पांढऱ्याशुभ्र भिंती, त्यांच्या कडेला निळे-पिवळे पट्टे, अंगावर येणारी बोगनवेल आणि गावाभोवती फिरणारी तटबंदी. खाली तुझा प्रश्न : "ताई, पोर्तुगालला ओबिदुशमध्ये लग्न केलं तर?" कर की! घरात कुणी नाक मुरडलं तर त्यांच्याशी मी बोलते. गाव मी पाहिलंय, तुझी निवड चुकलेली नाही. फक्त मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस, "हे चर्च बुक कसं करायचं?" तिथे मी थबकले, म्हणून हे लांबलचक लिहितेय. चहा घेऊन बस आणि निवांत वाच.

बाय, चर्च बुक होत नाही. हॉल बुक होतो, फोटोग्राफर बुक होतो, विमानाचं तिकीट बुक होतं. चर्चला पॅरिश असते. दर रविवारी तिथे येऊन बसणारी माणसं असतात, त्यांचे बाप्तिस्मे आणि मयती तिथेच होतात. त्यांच्या घरात तू एक दिवस पाहुणी म्हणून जाणार. हे एकदा मनात पक्कं केलंस की कुणाला आधी लिहायचं, कशासाठी थांबायचं आणि कशावर पाणी सोडायचं, ते तुझं तुलाच कळत जाईल.

आधी गावाबद्दल सांगते, कारण या गावाचं आणि लग्नाचं नातं फार जुनं आहे. लिस्बनच्या उत्तरेला साधारण ऐंशी किलोमीटरवर, एका टेकडीवर हे गाव वसलंय. ११४८ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु हेन्रिकेश यानं ते मूर लोकांकडून घेतलं. पुढे १२८२ मध्ये दिनिश राजाचं लग्न आरागॉनच्या इझाबेलशी झालं, तेव्हा त्यानं हे गाव तिला भेट दिलं. हीच इझाबेल पुढे १६२५ मध्ये संत झाली. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत ओबिदुश राण्यांकडेच राहिलं. आपल्याकडे चोळीबांगडीला गाव लावून देत, तसाच प्रकार. म्हणून या गावातल्या चर्चवर, पाण्याच्या कमानींवर राण्यांचे हात फिरलेले दिसतात.

राजघराण्यातली लग्नंही तिथे लागली. १४४१ मध्ये पाचवा अफोन्सु आणि त्याची चुलत बहीण इझाबेल यांचं लग्न तिथल्या सांता मारियाच्या चर्चमध्ये लागलं. दोघं होती नऊ-दहा वर्षांची. मुलीचा बाप म्हणजे मुलाचा काका, आणि राजा लहान म्हणून राज्याचा कारभारही त्याच्याच हातात. कुणाला काय हवं होतं, ते तू समजून घे. गाइड लोक ही गोष्ट फार गोड करून सांगतात. तू ऐक, पण विरघळू नकोस.

सांता मारियाच्या चौकाजवळ एक दगडी खांब आहे, जुन्या काळी गुन्हेगारांना शिक्षा द्यायचा. त्यावर जाळं कोरलंय, कोळ्यांचं मासे धरायचं जाळं. गाव ज्यांच्याकडे होतं त्या राण्यांपैकी एक लिओनोर, तिचा एकुलता एक मुलगा १४९१ मध्ये तेजू नदीच्या काठी घोड्यावरून पडून गेला. सोळा वर्षांचा होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कोळ्यांनी त्याला जाळ्यात घालून आणलं असं सांगतात, म्हणून त्या आईनं जाळं हेच आपलं चिन्ह केलं. तू फोटोसाठी ज्या चौकात उभी राहणार आहेस, तिथलीच ही गोष्ट. तुझी मावशी, म्हणजे माझी आई, वसईच्या कोळीवाड्याला लागून वाढली. तिला तो खांब दाखवायला विसरू नकोस.

आता चर्चकडे वळू. तुझ्या फोटोंमध्ये तीन-चार वेगवेगळी चर्च एकत्र झालीत, ती सुटी करून सांगते.

सांता मारिया हे गावातलं मुख्य चर्च. आत्ता दिसतं ते रूप बरंचसं सोळाव्या शतकातलं. बाहेरून साधं, चुना लावलेलं, पण आत पाऊल टाकलंस की भिंती वरपर्यंत निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या फरशांनी मढलेल्या. या फरशांना तिकडे अझुलेजु म्हणतात. वर रंगवलेलं लाकडी छत. एका बाजूला सेंट कॅथरिनची वेदी, तिच्यावरची चित्रं जोझेफा द ओबिदुश हिनं १६६१ मध्ये काढलेली. सतराव्या शतकात एक बाई चित्रकार म्हणून नाव कमावते, चर्च तिला कामं देतात, आणि आज गावाचंच नाव तिच्या नावाला चिकटलेलं आहे. त्या वेदीपुढे पाच मिनिटं उभी राहा, फोटोग्राफरला बाजूला ठेवून. एक लक्षात घे, हे चर्च पर्यटकांच्या अगदी वाटेत आहे. मिस्सा चालू असताना दारात डोकावणारे असतातच. तुला एकांत हवा असेल तर तो इथे मिळेल असं धरून चालू नकोस.

साओ पेद्रु त्यामानानं शांत. १७५५ च्या मोठ्या भूकंपात त्याची बरीच पडझड झाली, नंतर ते पुन्हा उभं राहिलं. वेदीमागे सोनेरी मुलाम्याचं लाकडी कोरीवकाम आहे, आणि जोझेफाची कबरही याच चर्चमध्ये. आपली माणसं पन्नास-साठच असतील तर मला हेच जास्त जवळचं वाटतं. मोठ्या चर्चमध्ये थोडी माणसं बसली की मधली रिकामी बाकंच डोळ्यांत भरतात.

तटाबाहेर, खाली सपाटीवर सेन्योर द पेद्रा हे तीर्थस्थान आहे. १७४७ मध्ये ते खुलं झालं. आतून षटकोनी आहे आणि वेदीवर एक फार जुना दगडी क्रूस आहे, त्याच्या भक्तीपोटीच ही एवढी इमारत उभी राहिली. पाचव्या जुआंव राजाचा तिला आश्रय होता. टेकडी चढायची नाही, गाड्या जवळपर्यंत जातात. आपल्या आज्यांचा विचार केलास तर याला तुझ्या यादीत वरची जागा दे.

आणि तू ज्या फोटोवर तीन हृदयं टाकलीस, पुस्तकांनी भरलेलं, ते सांतियागुचं चर्च. ११८६ मधलं मूळचं, भूकंपानंतर अठराव्या शतकात पुन्हा बांधलेलं. आता ते पुस्तकांचं दुकान आहे. तिथे आपलं लग्न लागणार नाही. पुस्तकं घे, हवा तेवढा वेळ बस, पण लग्नाच्या यादीतून ते काढून टाक.

हे मी मुद्दाम सांगतेय. आपल्या वसईच्या किल्ल्यात बघ. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज तिथे होते, तटाच्या आत त्यांनी एकामागून एक चर्च बांधली. आज बहुतेकांवर छप्पर नाही. जमिनीवर कबरींचे कोरीव दगड, भिंतीतून वडाच्या मुळ्या, आणि दर रविवारी प्री-वेडिंगवाल्यांचे घोळके. तिथे चर्च ही फोटोमागची भिंत झालीय. सांतियागुत पुस्तकं विकली जातात. सांता मारियात मात्र अजून दिवा जळतोय. बाहेरून तिन्ही जुनीच दिसतात, पण तुला लग्न लावून मिळेल ते या तिसऱ्या प्रकारात, आणि तिथे अटी त्यांच्या असतील.

म्हणून स्वतःला एक प्रश्न विचार, अगदी खरा. तुला त्या चर्चमध्ये लग्नाचा संस्कार हवाय, की त्या गावात लग्नाचे फोटो? दुसरं हवं असेल तर त्यात लाजायचं काही नाही. लग्न पापडीला आपल्या चर्चमध्ये लाव, मग दोघं ओबिदुशला जा, साडी नेस, गाऊन घाल, तटावर फिरा. निम्म्या खर्चात आणि शून्य कटकटीत काम होईल. पण पहिलं हवं असेल तर पुढचं नीट वाच.

पहिलं पत्र ओबिदुशला नाही, आपल्या पॅरिशच्या ऑफिसात. परदेशातलं लग्नसुद्धा इथूनच सुरू होतं. बाप्तिस्म्याचा दाखला नवा काढायचा. आईनं फाइलमध्ये ठेवलेला चालत नाही, सहसा सहा महिन्यांच्या आतला लागतो, कारण लग्न झालेलं असेल तर त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतच होते. दृढीकरणाचा दाखला, लग्नाचा कोर्स केल्याचं प्रमाणपत्र, तू लग्नाला मोकळी असल्याचं पत्र. आपल्या चर्चमध्ये रविवारी नावंही पुकारली जातील. मग फादर तुमची चौकशी करून कागद बिशप हाउसला पाठवतील. तिथून ते लिस्बनच्या धर्मप्रांताकडे जातील, कारण ओबिदुश त्यांच्याकडे येतं, आणि मग तिथल्या पॅरिश प्रीस्टकडे. हे टप्पे मोजलेस तर मी "वर्षभर आधी लाग" का म्हणतेय, ते तुला कळेल.

आता जरा नाजूक विषय. तुझा नवरामुलगा हिंदू आहे. त्याला धर्म बदलावा लागणार नाही, हे त्याच्या आईला तू स्वतः सांग, दुसऱ्याच्या तोंडून जाऊ देऊ नकोस. पण बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी कॅथलिकाचं लग्न चर्चच्या कायद्यात वैध ठरायला बिशपांची खास सूट लागते. ती नसेल तर कितीही सुंदर वेदीपुढे उभी राहिलीस तरी उपयोग नाही. ती सूट मागताना तू वचन देतेस : मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा माझ्या परीनं पूर्ण प्रयत्न करीन. त्याला सही करून काही कबूल करायचं नसतं, पण तू काय कबूल केलंयस हे त्याला माहीत असावं लागतं. यावर तुम्ही दोघं बोललात का? नसाल बोललात, तर विमानाची तिकिटं बघण्याआधी बोला. घरात मूल आल्यावर हा विषय निघाला की तो वाढत जातो, मी आजूबाजूला पाहतेय.

आणि अशा लग्नात सहसा पूर्ण मिस्सा होत नाही. शास्त्रवाचन, प्रवचन, वचनं, अंगठ्या, प्रार्थना, एवढाच विधी असतो. तो काही कमी दर्जाचा नाही. उलट पाहुण्यांतले निम्मे लोक कम्युनियनच्या वेळी अवघडून बसून राहत नाहीत, ते मला बरं वाटतं.

आपले फादर इथून न्यायचे असतील तर नक्की ने, पण ते तिथे परस्पर लग्न लावू शकत नाहीत. ओबिदुशच्या पॅरिश प्रीस्टकडून त्यांना तसा अधिकार मिळावा लागतो, लेखी घ्यायचा. आपल्या फादरांचा फायदा म्हणजे विधी मराठीतून होऊ शकतो. निदान एक वाचन आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थना तरी मराठीत ठेव. सासरची माणसं इतक्या लांब येणार, त्यांना दोन गोष्टी कळायला नकोत का? यजमान पॅरिशसाठी एखादं गीत पोर्तुगीजमध्ये ठेव, तिथल्या गायनमंडळाला विचार. सिनेमातलं गाणं चर्चमध्ये लावायचा हट्ट मात्र धरू नकोस, ते रिसेप्शनला वाजव.

सरकारी बाजू वेगळी. पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यात १९४० मध्ये करार झाला, २००४ मध्ये तो नव्यानं झाला. त्यामुळे तिथल्या चर्चमध्ये लागलेलं लग्न सरकारदरबारीही नोंदलं जातं. पण त्यासाठी आधी नागरी नोंदणी कार्यालयात अर्ज करावा लागतो. तिथून "अडथळा नाही" असं प्रमाणपत्र निघालं की ते फादरांकडे जातं, आणि ते सहा महिनेच चालतं. तुम्हा दोघांचे जन्मदाखले आणि अविवाहित असल्याचे कागद लागतील, त्यांवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल आणि पोर्तुगीज भाषांतर. काही जोडपी इथेच विशेष विवाह कायद्यानं रजिस्टर लग्न करून मग तिकडे जातात. तसा विचार असेल तर इथल्या आणि तिथल्या, दोन्ही फादरना आधी सांग. लपवून ठेवलंस तर कागद जुळणार नाहीत, आणि ते कळेल ते नेमकं लग्नाच्या आठवड्यात.

तारखेचं बघू. उपवासकाळ सोड. चॉकलेटचा महोत्सव वसंतात असतो, जुलैमध्ये मध्ययुगीन बाजार भरतो, ऑक्टोबरमध्ये साहित्य महोत्सव आणि डिसेंबरात नाताळनगरी. या दिवसांत त्या अरुंद गल्ल्यांत मुंगीला शिरायला जागा नसते आणि राहण्याचे दर आकाशाला भिडतात. महोत्सव बघायला मजा येते, पण घोळक्यातून नवरीला वाट काढत नेण्यात नाही. मला विचारशील तर सप्टेंबरचा मध्य. ऊन असतं, समुद्र जवळ असल्यामुळे गारवाही असतो, आणि पाऊस सहसा फारसा नसतो. संध्याकाळी वारा सुटतो, तेव्हा बुरखा पिनांनी नीट टोचून घे आणि खांद्यावर घ्यायला काहीतरी ठेव.

गावाच्या दरवाजातून आत शिरताना मान वर कर. कमानीच्या आत, वळणावर, निळ्या फरशांनी मढवलेला एक सज्जा आहे, गावाच्या माउलीचा. तिथून रुआ दिरैता ही मुख्य वाट किल्ल्यापर्यंत जाते. सगळी फरसबंदी दगडांची, कुठे गुळगुळीत, कुठे मध्येच फट. मी पाहिलेल्या एका नवरीची टाच त्या फटीत अडकली. दोन करवल्या खाली वाकून बूट ओढतायत, नवरा पदर सांभाळावा तसा तिचा झगा धरून उभा, आणि चेरीची दारू चॉकलेटच्या वाटीत विकणारी बाई दुकानातून ओरडून सल्ले देतेय. शेवटी नवरीनं बूट काढले आणि मोज्यांवर चालत गेली. फोटो झकास आले असतील, पण तू सपाट चप्पलच घाल. चर्चच्या दारात बूट बदल.

गाड्या तटाबाहेर थांबतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी काय सोय होते ते पॅरिशला आधीच विचार. आणि तटावरून चालायची हौस सगळ्यांनाच येईल, पण आतल्या बाजूला कठडा नाही. मुलांना आणि साडी नेसलेल्यांना तिथे पाठवू नकोस, वाइनचा ग्लास हातात असलेल्यांना तर मुळीच नको.

फोटोग्राफरला एक दिवस आधी फादरांना भेटव. वेदीच्या पायऱ्यांवर चढायचं नाही, फ्लॅश कधी चालेल, ड्रोन मुळीच नाही, हे त्यानं तिथल्या फादरांच्या तोंडून ऐकलेलं बरं. फुलं कमी ठेव, त्या फरशांपुढे फुलं तशीही फिकी पडतात. बाहेर तांदूळ उधळायचे असतील तर विचार, आणि उधळलेस तर झाडून घ्यायला माणसं नेम. चर्चला देणगी द्यायची ती पाकिटात, हिशोब न विचारता, लग्नाच्या आधी.

सगळ्यात जड प्रश्न शेवटी ठेवलाय. कोण येणार नाही? शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण सगळ्यांना मिळेलच असं नाही. आजोबांना इतका प्रवास झेपणार नाही. गावातला बँड, उंबराचं पाणी आणायला जाणाऱ्या बायका, फुगे तळणाऱ्या काक्या, यांतलं काहीच विमानात मावत नाही. म्हणून लग्न तिकडे केलंस तरी घरचं घरी कर. आदल्या आठवड्यात मांडव घाल, पाणी आण, बँड लाव, विंदालूचा टोप चढव. इथले लोक जेवून, नाचून, आशीर्वाद देऊन तुला निरोप देतील. मग ओबिदुशला वीस माणसं असली तरी तुला कमी वाटणार नाही.

मी तुला थांबवत नाहीये. उलट तू एवढं सगळं करून त्या फरशांच्या भिंतींमध्ये उभी राहिलीस, तर ते चर्च तुला तुझंच वाटेल, कारण तिथल्या माणसांनी तुला आत घेतलेलं असेल. पैसे मोजून मिळवलेल्या जागेत ते होत नाही.

तर आता काम सांगते. या रविवारी मिस्सानंतर पॅरिश ऑफिसात जा आणि बाप्तिस्म्याचा दाखला कसा, कधी काढायचा ते विचारून ये. त्याच संध्याकाळी नवरामुलाशी त्या वचनाबद्दल बोल, त्याच्या आईसमोर बोललीस तर आणखी चांगलं. ही दोन्ही कामं झाली की मला फोन कर. ओबिदुशच्या पॅरिशला पत्र आपण दोघी मिळून लिहू, आणि त्यात "बुक" हा शब्द येऊ देणार नाही.